अनुभव धागा: प्रागमधला एक शनिवार-रविवार

वाटाड्या

म्युनिक, बर्लिन, ड्रेस्डेन, व्हिएन्ना इथली मराठी मंडळी शुक्रवारी कामं आटोपली की प्रागची गाडी पकडतात. भारतातून येणारेही युरोपच्या सहलीत प्रागला दोन रात्री ठेवतात. म्हणजे हाताशी असतात साधारण ४८ तास, आणि शहर असं की प्रत्येक वळणावर थांबावंसं वाटतं. या धाग्यावर प्राग नीट माहीत असलेल्यांनी लिहावं. प्रवासवर्णन नको, फोटोंची मालिका नको. कुठून चढायचं, कुठलं तिकीट, किती पायऱ्या, काय कधी बंद असतं आणि नेमकं कुठे बिनसतं, एवढंच पण खुलासेवार लिहा.

सुरुवात मी करतो, कारण बाकी सगळं या एका गोष्टीवर बेतलेलं आहे. प्रागमध्ये शनिवार आणि रविवार यांची अदलाबदल करता येत नाही. योसेफोव ही जुनी ज्यू वस्ती. तिथली सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) आणि दफनभूमी शनिवारी बंद असतात, कारण तो शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा वार. किल्ल्यातलं सेंट व्हिटस कॅथेड्रल रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे पर्यटकांना बंद असतं, दुपारी बारानंतर उघडतं. बहुतेक जण सवयीने शनिवारी जुन्या शहरात भटकतात आणि किल्ल्यासाठी रविवार सकाळ ठेवतात. मग दोन्हीकडे बंद दार दिसतं. तेव्हा शनिवारी सकाळी किल्ला, रविवारी सकाळी योसेफोव. हे आधी पक्कं करा, बाकीचं त्याभोवती बसवा. ज्यू सणांच्या दिवशीही योसेफोव बंद असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे सण लागोपाठ येतात, त्यामुळे त्या दिवसांत जाणाऱ्यांनी तिथल्या ज्यू संग्रहालयाची सुट्ट्यांची यादी तिकीट काढण्याआधी बघावी.


रुळावरून

पोचण्याबद्दल.

विमानतळ शहराच्या पश्चिमेला आहे. शेंगेन देशांतून येणारी विमानं टर्मिनल २ वर, बाकीची टर्मिनल १ वर. लंडनहून किंवा दुबईमार्गे भारतातून आलात तर टर्मिनल १ आणि पासपोर्ट तपासणी. ऑक्टोबर २०२५ पासून बिगर-युरोपीय प्रवाशांची बोटांचे ठसे आणि चेहऱ्याच्या फोटोसह नोंद करणारी नवी पद्धत शेंगेनच्या सीमेवर सुरू झाली आहे. पहिल्या नोंदीला वेळ जातो, म्हणून शुक्रवारी रात्रीचं जेवण कुठे आधी ठरवून ठेवू नका.

बाहेर आल्यावर ५९ नंबरची ट्रॉलीबस. पूर्वी इथे ११९ नंबरची बस होती आणि जुन्या गाइडबुकांत तिचाच नंबर आहे. मार्च २०२४ पासून तिच्या जागी ही लांबलचक, दोन सांध्यांची ट्रॉलीबस धावते. ती नाद्राझी वेलेस्लावीन या मेट्रो स्टेशनवर सोडते. तिथून हिरवी ए लाइन: मालोस्त्रान्स्का, स्तारोमेस्त्स्का, मूस्तेक, मुझेउम, नामेस्ती मीरू ही कामाची स्टेशनं याच क्रमाने येतात. १०० नंबरची बस पिवळ्या बी लाइनच्या झ्लिचीनला जाते, रात्री मेट्रो थांबल्यावर ९१० नंबरची बस.

तिकीट वेळेवर असतं, अंतरावर नाही. ३० मिनिटं, ९० मिनिटं, २४ तास आणि ७२ तास. मेट्रो, ट्राम, बस सगळ्यांना तेच चालतं. विमानतळावरून मध्यवर्ती भागात ३० मिनिटांत पोचणं अवघड आहे, ९० मिनिटांचं घ्या. शुक्रवारी संध्याकाळी उतरून रविवारी संध्याकाळी निघणाऱ्यांनी ७२ तासांचं तिकीट घेऊ नये. २४ तासांची दोन तिकिटं त्याहून स्वस्त पडतात, कारण ती शिक्का मारल्या क्षणापासून मोजली जातात, तारखेवर नाही. शुक्रवारी फक्त ९० मिनिटांचं वापरायचं, शनिवारी सकाळी पहिलं २४ तासांचं सुरू करायचं.

दंड होतो तो या दोन कारणांनी. एक, कागदी तिकीट पिवळ्या यंत्रात घालून शिक्का मारायचं राहून जातं. मेट्रोत हे यंत्र सरकत्या जिन्याच्या आधी असतं, फलाटावर नसतं, आणि अडवणारं फाटकही नसतं, त्यामुळे लोक सरळ खाली उतरतात. तिकीट तपासनीस साध्या कपड्यात असतो, बिल्ला दाखवतो. दुसरं, प्रत्येक गाडी बदलताना पुन्हा शिक्का मारला जातो. शिक्का एकदाच मारायचा, दोनदा मारलेलं तिकीट बाद. पीआयडी लितच्का हे अधिकृत ॲप वापरत असाल तर तिकीट गाडीत चढायच्या आधी सुरू करा. सुरू केल्यावर वैध व्हायला थोडा वेळ लागतो, तपासनीस समोर आल्यावर बटण दाबून उपयोग नाही. ट्राममध्ये दाराजवळच्या यंत्रावर बँकेचं कार्ड टेकवूनही तिकीट निघतं.

रेल्वेने ड्रेस्डेनहून साधारण सव्वादोन तास, बर्लिन आणि व्हिएन्नाहून चारेक तास. ड्रेस्डेनकडून येताना डाव्या हाताची खिडकी मागा. रूळ एल्ब नदीच्या काठाने जातात आणि वालुकाश्माचे उभे कडे त्याच बाजूला दिसतात. परत जाताना उजवी बाजू. जर्मनीकडे जाताना सीमेवर पोलीस गाडीत चढून कागदपत्रं बघतात. भारतीय पासपोर्ट आणि निवास परवान्याचं कार्ड, दोन्ही मूळ प्रती जवळ हव्यात, फोनमधला फोटो चालत नाही.


निळी_छत्री

राहण्याच्या जागेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. जुन्या शहराच्या चौकाजवळची हॉटेलं महाग तर आहेतच, पण शुक्रवार-शनिवारी रात्री द्लोउहा रस्त्याच्या आसपास पहाटेपर्यंत गलका असतो. त्यापेक्षा विनोह्रादी भागात नामेस्ती मीरू चौकाच्या जवळपास घ्या. ए लाइनचं स्टेशन आणि किल्ल्याकडे जाणारी २२ नंबरची ट्राम, दोन्ही तिथे मिळतात. स्टेशन खूप खोल आहे, सरकता जिना ८७ मीटर लांब. ज्यांना उंचीवरून खाली बघितल्यावर गरगरतं त्यांनी लिफ्टने जावं.

हॉटेलचं बिल भरताना माणशी दर रात्रीचा शहर-कर वेगळा मागतात. तो फसवणुकीचा प्रकार नाही, महापालिकेचाच आहे.


दगडी_जिना

किल्ला. इथे घाई करून चालत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आवाराची फाटकं सकाळी ६ ला उघडतात आणि रात्री १० ला बंद होतात, आवारात फिरायला पैसे लागत नाहीत. तिकीट लागतं ते इमारतींच्या आत जायला, आणि त्या ९ ला उघडतात. उन्हाळ्यात ५ पर्यंत, हिवाळ्यात ४ पर्यंत. तिकीट घेतलेला दिवस आणि दुसरा दिवस असं दोन दिवस चालतं, पण प्रत्येक इमारतीत एकदाच जाता येतं. शनिवारी काही राहिलं तर रविवारी दुपारी त्याच तिकिटावर बघता येतं, हे अनेकांना ठाऊक नसतं आणि ते पायाचे तुकडे पडेपर्यंत धावत राहतात.

२२ नंबरच्या ट्रामने प्राझ्स्की ह्राद या थांब्यावर उतरा. तिथून उत्तरेच्या दाराने, खंदकावरचा पूल ओलांडून पाचेक मिनिटांत दुसऱ्या चौकात पोचता. चढ जवळजवळ नाही. बहुतेक लोक मालोस्त्रान्स्का स्टेशनवरून जुन्या जिन्याने चढतात आणि वर पोचेपर्यंत दमतात. तो जिना उतरण्यासाठी ठेवा. दाराशी बॅगांची तपासणी असते. मोठ्या बॅगा घेऊन जाऊ नका.

९ ला दार उघडताना कॅथेड्रलच्या रांगेत असणं हे शनिवार सकाळचं मुख्य काम. साडेदहानंतर बसचे गट येतात आणि आत खांद्याला खांदा लागतो. बांधकाम १३४४ साली सुरू झालं आणि पूर्ण झालं १९२९ साली. आराखडा आधी फ्रान्समधल्या आरास गावच्या मॅथियासचा, त्याच्यानंतर पेटर पार्लरचा. मागचा, म्हणजे पूर्वेकडचा भाग चौदाव्या शतकातला आणि दर्शनी भाग एकोणिसाव्या-विसाव्या शतकातला आहे. आत शिरल्यावर डावीकडे चित्रकार अल्फोन्स मुखाची रंगीत काच आहे, १९३१ ची. सकाळी ऊन पूर्वेकडून येतं, तेव्हा आधी सरळ पुढे जाऊन मागच्या भागातल्या काचा बघा आणि मुखाची काच परत येताना. सेंट वेन्सेस्लासच्या दालनात आत जाता येत नाही, दारातूनच बघायचं. भिंतींत अर्धमौल्यवान दगड बसवलेले आहेत. त्याच दालनातल्या एका दारामागे बोहेमियाच्या राजांचा मुकुट ठेवलेला आहे आणि त्या दाराला सात कुलुपं आहेत, सात वेगवेगळ्या पदाधिकाऱ्यांकडे एकेक किल्ली.

दक्षिण मनोऱ्याचं तिकीट वेगळं, २८७ पायऱ्या, गोल आणि अरुंद जिना, लिफ्ट नाही. चढणारे-उतरणारे एकाच जिन्यावर. गुडघे दुखणाऱ्यांनी हा मोह टाळावा. जुन्या शहरातल्या नगरगृहाच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे.

मग जुना राजवाडा. व्लादिस्लाव दालनाची कमान बघताना मान वर करून थोडा वेळ थांबा. बेनेडिक्ट रीडने १५०० च्या आसपास बांधलेलं हे दालन इतकं मोठं की आत घोडेस्वारांच्या स्पर्धा होत. त्यासाठी घोड्यांना चढता येईल असा रुंद, बसक्या पायऱ्यांचा जिना केला आहे, तो बाहेर पडताना लागतो. शेजारच्या दालनाच्या खिडकीतून २३ मे १६१८ रोजी दोन राजप्रतिनिधी आणि त्यांचा चिटणीस यांना खाली फेकलं, आणि त्यातून तीस वर्षांचं युद्ध पेटलं. तिघेही वाचले. खिडकी उघडी असेल तर खाली वाकून उंची बघा म्हणजे वाचले याचं नवल वाटतं.

सेंट जॉर्ज बॅसिलिका लहान आहे, वीस मिनिटं पुरतात. शेवटी सोन्याची गल्ली, तटाला चिकटलेली ठेंगणी घरं. निळ्या रंगाच्या २२ नंबरच्या घरात काफ्का १९१६-१७ च्या हिवाळ्यात लिहायला येत असे. गल्लीत दुपारी इतकी गर्दी असते की घरांच्या दारांशी रांगा लागतात. संध्याकाळी इमारती बंद झाल्यावर गल्लीत नुसतं फिरता येतं, तेव्हा घरांच्या आत मात्र जाता येत नाही. दोन्ही हवं असेल तर आतलं प्रदर्शन सकाळी आणि गल्ली रात्री.

पहिल्या चौकात दुपारी १२ ला पहारा बदलतो, त्या वेळी वाद्यांसह. बाकी दर तासालाही बदलतो, पण साधा. बारा वाजता बघायचं तर पाऊण वाजेपर्यंतचा वेळ हातातून जातो. माझ्या मते शनिवारी तो वेळ राजवाड्याला द्यावा.


तळजाई

@दगडी_जिना, सत्तरीच्या पुढच्या आईवडिलांना न्यायचं असेल तर? फरसबंदी फार उंचसखल आहे असं ऐकलं.


दगडी_जिना

आहे. किल्ल्याखालच्या माला स्त्राना वस्तीत आणि किल्ल्याच्या आवारात गोलसर दगड बसवलेले आहेत, पावसात ते निसरडे होतात. रबरी तळाचे, घोट्याला धरणारे बूट हवेत. चाकाची खुर्ची ढकलता येते, पण हादरे बसतात.

त्यांच्यासाठी क्रम थोडा बदला. २२ ने दोन थांबे पुढे, पोहोर्शेलेत्सला उतरा. तिथे स्त्राहोव मठ आहे. ग्रंथालयाची दोन दालनं, एक १६७९ साली पूर्ण झालेलं आणि दुसरं अठराव्या शतकाच्या शेवटचं, दोन्ही दारातूनच बघायची असतात, आत पाऊल ठेवता येत नाही. हे तिकीट काढण्याआधी माहीत असलेलं बरं. मठाच्या बागेकडून सगळं शहर खाली पसरलेलं दिसतं, त्यासाठी एकही पायरी चढावी लागत नाही. तिथून किल्ला उतारावर आहे, सावकाश पंधरा मिनिटं. परत येताना उतरायचा जिना टाळून पुन्हा ट्रामच. थांब्यावरच्या वेळापत्रकात खालच्या फरशीच्या ट्रामला चाकाच्या खुर्चीची खूण असते, तीच धरा. जुन्या टी३ ट्रामला तीन उंच पायऱ्या चढाव्या लागतात.

६५ वर्षांवरच्यांना आणि १५ वर्षांखालच्या मुलांना शहर वाहतुकीत तिकीट लागत नाही, पण वय दाखवणारा मूळ कागद, म्हणजे आपल्यासाठी पासपोर्ट, जवळ हवा.


रुळावरून

२२ नंबरबद्दल पुरवणी. शनिवार-रविवारीच रुळांची दुरुस्ती काढतात आणि मार्ग वळवतात. थांब्यावर पिवळा कागद चिकटवलेला दिसला की तो वाचा, नकाशाचं ॲप कधीकधी जुनाच मार्ग दाखवतं. पर्यायाला मेट्रोने मालोस्त्रान्स्का आणि तिथून मिळेल ती ट्राम वर.

पेत्रशिन टेकडीवर जाणारी दोरीची रेल्वे नवे डबे आणि रूळ यांच्या कामासाठी बंद ठेवलेली होती, जाण्याआधी चालू आहे का बघा. बंद असेल तर स्त्राहोवहून टेकडीवरच्या मनोऱ्यापर्यंत जवळजवळ सपाट वाट आहे. मनोरा १८९१ चा, आयफेलवरून सुचलेला, २९९ पायऱ्या.

आणि जाता जाता: ट्रामवर स्कोडा लिहिलेलं बघून शेंद्र्याच्या कारखान्याची आठवण येते खरी, पण संभाजीनगरात मोटारी जुळवणारी स्कोडा ऑटो आणि ट्राम बांधणारी स्कोडा या आता वेगळ्या कंपन्या आहेत. नाव मात्र प्लझेनच्या एकाच घराण्याचं.


घड्याळजी

जुन्या शहराच्या चौकातलं खगोलीय घड्याळ. दर तासाला शेकडो लोक माना वर करून उभे राहतात, बारा प्रेषित दोन खिडक्यांतून फिरतात, कोंबडा आरवतो, मिनिटभरात संपतं, आणि 'एवढंच?' म्हणत गर्दी पांगते. हे ऐकलं की वाईट वाटतं. बघायचं ते त्या खिडक्यांत नाही, तबकडीत आहे. ती वाचता आली तर अर्धा तास सहज जातो, आणि त्यासाठी तास पडायची वाटही बघावी लागत नाही.

घड्याळ १४१० सालचं. बनवणारा कादानचा मिकुलाश, गणित बहुधा यान शिंडेल या खगोलशास्त्रज्ञाचं. तबकडीच्या मधोमध पृथ्वी. वरचा निळा भाग दिवसाचं आकाश, खालचा काळा भाग रात्र, मधला तांबूस पट्टा संधिप्रकाश. डावीकडे उगवती, उजवीकडे मावळती. एका काट्यावर सोनेरी सूर्य आहे, एकावर चंद्राचा गोळा. गोळा अर्धा रुपेरी, अर्धा काळा, आणि स्वतःभोवती फिरून कला दाखवतो. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर गोळा पूर्ण रुपेरी दिसेल. सरकून बसवलेलं लहान वर्तुळ राशींचं आहे. सूर्य कुठल्या राशीवर आहे ते तिथे कळतं. ही सायन राशी आहे, आपल्या पंचांगातल्या निरयन राशीपेक्षा सुमारे २४ अंशांनी सरकलेली. त्यामुळे एप्रिलच्या सुरुवातीला पंचांगात सूर्य मीनेत असतो तेव्हा इथे तो मेषेत दिसतो. घड्याळ चुकलेलं नाही.

आता सोन्याच्या हाताकडे बघा. तो एकाच वेळी दोन वर्तुळांवर वेळ दाखवतो. रोमन आकडे म्हणजे आपले नेहमीचे तास, बारा-बाराचे दोन संच, मध्यान्ह वर, मध्यरात्र खाली. त्याच्या बाहेरच्या काळ्या कड्यावर जुन्या वळणाचे सोनेरी आकडे १ ते २४ आहेत. हे जुने चेक तास, आणि ते सूर्यास्तापासून मोजतात. आपला पंचांगातला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, यांचा सूर्यास्ताला संपे. सूर्यास्त रोज बदलतो म्हणून हे कडं वर्षभर थोडं थोडं पुढेमागे होत राहतं. उपयोग असा: हात बाहेरच्या कड्यावर ज्या आकड्यावर असेल तो २४ मधून वजा करा. सूर्य मावळायला तेवढे तास उरले. हात २१ वर असेल तर तीन तास उजेड आहे. डिसेंबरात दुपारी चारलाच सूर्य जातो, जूनमध्ये नऊ वाजतात. संध्याकाळी चार्ल्स पुलावर कधी पोचायचं ते सहाशे वर्षांपूर्वीचं यंत्र सांगतं.

खालची तबकडी दिनदर्शिकेची. ती दिवसाला एक घर सरकते. चित्रं योसेफ मानेसची, १८६६ ची. तिथे आहे ती प्रत आहे.

प्रेषित बघायचेच असतील तर सकाळी ९ ते रात्री ११ दर तासाला. रात्री १० किंवा ११ चा प्रयोग निवांत असतो. दुपारी उभं राहायचं तर अगदी समोर नको, माणसांच्या डोक्यांवर फोन असतात. थोडं मागे सरकून तिरकं उभं राहा. तबकडीच्या उजवीकडचा सांगाडा आधी दोरी ओढून घंटा वाजवतो, तिकडे नजर ठेवा. आणि पाकीट पुढच्या खिशात. सगळे वर बघत असतात ही खिसेकापूंची सर्वांत सोयीची वेळ.

घड्याळ ज्यावर आहे त्या नगरगृहाच्या पूर्वेकडे फरशीत २७ पांढरे क्रूस आहेत. २१ जून १६२१ ला इथे २७ जणांना मृत्युदंड दिला, किल्ल्याच्या खिडकीतून सुरू झालेल्या बंडाचा तो शेवट. लोक त्यावर उभे राहून आइस्क्रीम खातात कारण त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.


दगडी_जिना

त्याच चौकातल्या टीन चर्चमध्ये टायको ब्राहे या खगोलशास्त्रज्ञाची कबर आहे, उजव्या बाजूच्या खांबाशी. घड्याळ वाचून झाल्यावर तिथे जाणं अगदी योग्य. दार चौकात दिसत नाही, पुढच्या इमारतींच्या कमानीतून आत वाट आहे. क्लेमेंटिनुममध्ये, म्हणजे जुनं ग्रंथालय आणि वेधशाळेचा मनोरा असलेल्या आवारात, मात्र मार्गदर्शकासोबतच जाता येतं, ठरावीक संख्येच्या गटात, म्हणून वेळ आधी राखावी लागते. १७२ पायऱ्या. १७७५ पासून रोजच्या तापमानाच्या अखंड नोंदी तिथे ठेवलेल्या आहेत. ग्रंथालयात फोटो काढू देत नाहीत.


पहाटगस्त

चार्ल्स पूल. पाया १३५७, लांबी ५१६ मीटर, १६ कमानी, ३० पुतळे. गाड्या चालत नाहीत. सकाळी नऊ ते रात्री दहा माणसांचा लोंढा असतो, म्हणून सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पोचा. किल्ला पुलाच्या पश्चिमेला आहे. सकाळी ऊन त्याच्या दर्शनी भिंतींवर पडतं. संध्याकाळी सूर्य त्याच्या मागे जातो आणि नुसती काळी आकृती उरते. दोन्ही सुंदर, पण दगडाचा रंग हवा असेल तर सकाळच.

बहुतेक पुतळे आता प्रती आहेत. मूळचे होलेशोवित्सेमधल्या लापिदारियम या दगडी शिल्पांच्या संग्रहालयात आणि काही व्हिशेह्राद या जुन्या गडाच्या तटाखालच्या दालनात ठेवले आहेत. नेपोमुकचा यान या संताचा पुतळा सर्वांत जुना, १६८३ चा, पितळेसारखा चमकणारा भाग हातांनी घासून तसा झाला आहे. त्याला १३९३ मध्ये नदीत टाकलं ती जागा पुतळ्याची नाही. कठड्यावर लहान क्रूस बसवला आहे, ती.

पुलाच्या जुन्या शहराकडच्या मनोऱ्याला १३८ पायऱ्या आहेत आणि पूल सरळ रेषेत दिसतो तो तिथूनच. हा मनोरा पार्लरचाच.


झेंडू

पूल उतरून माला स्त्रानात आलात की कार्मेलित्स्का रस्त्यावर विजयी मातेचं चर्च आहे. आत प्रागचा बाळ येशू. नाशिकरोडला फेब्रुवारीत ज्याची यात्रा भरते तो बाळ येशू याच मूर्तीवरून आलेला. नाशिक, वसई, मुंबईकडची मंडळी इथे आवर्जून येतात. मूर्ती साधारण ४७ सेंटीमीटरची, लाकडावर मेणाचा थर, स्पेनमधून आलेली. १६२८ मध्ये पोलिक्सेना लोबकोवित्सने ती कार्मेलाइट साधूंना दिली. धार्मिक काळानुसार तिचे कपडे बदलतात, जुने पोशाख वरच्या लहानशा संग्रहालयात आहेत. जिना गोल आहे. प्रवेश मोफत. प्रार्थना चालू असेल तर फिरू नका, मागच्या बाकावर बसा.

याच भागात सेंट निकोलस चर्च आहे, आणि जुन्या शहराच्या चौकातही सेंट निकोलस चर्चच आहे. दोन्हीकडे संध्याकाळी संगीताचे कार्यक्रम होतात. तिकिटावर चौकाचं नाव वाचल्याशिवाय निघू नका. मधे नदी आहे आणि कार्यक्रम सुरू झाल्यावर आत सोडत नाहीत. हिवाळ्यात अशी बरीच चर्च आतून गार असतात, कोट काढायचा नाही या तयारीने जा.


मेतकूट

शाकाहारींसाठी. चेक जेवण मांसाचं, पण उपाशी राहायची वेळ येत नाही. फक्त विचारताना 'मांस नको' एवढ्यावर थांबू नका. बटाट्याचं सूप, कोबी, डाळी यांत डुकराची चरबी किंवा खारवलेल्या मांसाचे तुकडे असू शकतात, आणि सूपचं पाणी हाडांचं असतं. बेझ मासा म्हणजे मांसाशिवाय. त्याला बेझ स्लानिनी (खारवलेलं मांस नको) आणि बेझ सादला (चरबी नको) हे दोन शब्द जोडा.

मेनूवर पदार्थापुढे १ ते १४ मधले आकडे छापलेले असतात, ते ॲलर्जीसाठी. ३ म्हणजे अंडं, ७ म्हणजे दूध, ४ म्हणजे मासे. अंडं न खाणाऱ्यांना हे फार उपयोगी पडतं. मांसाला मात्र आकडा नाही, ते विचारूनच.

स्माझेनी सीर म्हणजे चीजचा जाड तुकडा पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेला, सोबत बटाटे. त्यात अंडं असतं. ओवोत्स्ने क्नेद्लिकी हे फळ भरून उकडलेले गोळे, वर चीज किंवा खसखस आणि वितळलेलं लोणी. ते गोड असले तरी तिथे मुख्य जेवण म्हणून खातात आणि पोट भरतं. रस्तोरस्ती मिळणारा त्रदेल्निक जुना प्रागचा पदार्थ म्हणून विकतात, तसा तो नाही. दुपारचं स्वस्त ठरावीक जेवण, पोलेद्नी मेनू, मुख्यतः सोमवार ते शुक्रवार असतं. शनिवार-रविवारी त्या भरवशावर राहू नका.

नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून घ्या. बीअर घेणाऱ्यांनी टेबलावरची चिठ्ठी सांभाळायची. वाढणारा तिच्यावर रेघा मारतो आणि तेच बिल. पेला रिकामा झाला की न विचारता दुसरा येऊ शकतो, नको असेल तर पेल्यावर तळवा ठेवायचा. मेनूवर १०, ११, १२ असे आकडे असतात ते मद्याचं प्रमाण नव्हे, मूळ माल्टच्या अर्काची घनता. १२ मध्ये मद्य साधारण ५ टक्के असतं.


नाणेनिधी

चलन कोरुना. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, रोख लागते ती स्वच्छतागृहं आणि लहान दुकानांसाठी. हजार-दीड हजार कोरुना पुरतात. १० आणि २० ची नाणी जमवून ठेवा.

पैसे बँकेच्या दाराशी असलेल्या एटीएममधून काढा: चेस्का स्पोरिटेल्ना, चेसोबे, कोमेर्च्नी बांका. पर्यटकांच्या गल्लीत एकटी उभी असलेली यंत्रं वाईट दर लावतात. यंत्र किंवा दुकानातलं मशीन 'रुपयांत की कोरुनात' असं विचारेल. नेहमी कोरुना. रुपये किंवा युरो निवडले की दर त्या यंत्राचा लागतो, तुमच्या बँकेचा नाही.

रस्त्यात कोणी चांगला दर देतो म्हणाला तर पुढे चालू लागा. असा व्यवहार बेकायदा आहे आणि हातात दुसऱ्याच देशाच्या, कवडीमोल नोटा येतात. दुकानात बदलून घेतल्यावर दर पटला नाही तर पावती घेऊन तीन तासांच्या आत परत जा. एप्रिल २०१९ पासून हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांत रद्द करायचा हक्क कायद्याने आहे, कारण सांगावं लागत नाही. पावती नसेल तर हा हक्क वापरता येत नाही.


पहाटगस्त

रविवारची सकाळ. योसेफोवला ९ च्या ठोक्याला पिंकास सिनेगॉगपासून सुरुवात करा, कारण दफनभूमीत जायची वाट त्यातूनच आहे. भिंतींवर बोहेमिया आणि मोराव्हियातल्या, नाझींनी मारलेल्या सुमारे ७८,००० ज्यूंची नावं हाताने लिहिली आहेत. गावानुसार, आडनावानुसार. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या छळछावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. लहान मुलांना नेण्याआधी हे काय आहे ते त्यांना सांगून ठेवा. पुरुषांना डोकं झाकावं लागतं, टोपी दाराशी मिळते.

दफनभूमीत सुमारे १२,००० शिळा आहेत, सर्वांत जुनी १४३९ ची. जागा वाढवता येत नव्हती म्हणून मातीचे थर टाकून एकावर एक पुरत गेले, जुन्या शिळा वर उचलून लावल्या, म्हणून त्या अशा दाटीवाटीने कललेल्या दिसतात. १७८७ नंतर इथे कोणाला पुरलं नाही. वाट आखलेली आणि एकाच दिशेची आहे. जुनं-नवं सिनेगॉग, १२७० च्या सुमाराचं आणि आजही प्रार्थनेचं, संग्रहालयाच्या तिकिटात नसेल तर वेगळं काढावं लागतं. खिडकीवर विचारून घ्या. हे सगळं अडीच तासांत होतं.

दुपारी सी लाइनने व्हिशेह्राद. गर्दी कमी, नदी खाली, आणि तिथल्या दफनभूमीत संगीतकार द्वोर्झाक आणि स्मेताना, चित्रकार मुखा यांच्या कबरी. प्रागबाहेरची कुत्ना होरा किंवा तेरेझीन ही गावं या दोन दिवसांत घुसवू नका, त्यांना प्रत्येकी अख्खा दिवस द्यावा लागतो.


रुळावरून

निघताना: सामान मुख्य स्टेशनवर, प्राहा ह्लावनी नाद्राझी, ठेवता येतं. स्टेशन सी लाइनवर आहे, मुझेउमपासून एक थांबा. बर्लिनकडच्या गाड्या होलेशोवित्सेलाही थांबतात, तिकिटावर कुठलं स्टेशन लिहिलंय ते बघा. फलाटाचा आकडा फळ्यावर बऱ्याचदा गाडी सुटायच्या थोडाच वेळ आधी येतो, तोवर खालच्या दालनात, फळा दिसेल अशा जागी थांबा. वेळ असेल तर त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर जुनं घुमटाचं दालन आहे. खालून ते दिसत नाही, म्हणून रोजचे प्रवासीही तिथे फारसे जात नाहीत.